लोकगीताकडून जॅझकडे : टिम बकली याची ‘हॅपी सॅड’

कलावंताच्या वाटचालीत काही कृती अशा असतात, की त्या त्याच्या आधीच्या कृतींच्या रांगेत नीट बसत नाहीत आणि नंतरच्या कृतींच्या रांगेतही परक्या वाटतात. इतिहासकार अशा कृतींना ‘संक्रमणकालीन’ हे विशेषण लावतात आणि बहुधा लगेच पुढे जातात. जणू काही ती कृती म्हणजे दोन मुक्कामांमधला केवळ पूल. त्यावरून चालावे, तेथे थांबू नये. हे विशेषण पुष्कळदा अन्यायकारक ठरते. दोन परंपरांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या कृतीत कधी कधी दोहोंचे गुण एकत्र नांदतात, आणि पुढे कलावंत एका बाजूला पूर्णपणे निघून गेल्यावर तसा मेळ पुन्हा जमून येत नाही. अमेरिकन गायक-गीतकार टिम बकली याची 1969 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘हॅपी सॅड’ ही तिसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका याचे उत्तम उदाहरण आहे. ती कशी घडली, तिच्यात नेमके काय बदलले आणि त्या बदलाची किंमत काय पडली, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

दोन परंपरा

आपल्याकडे लोकगीत म्हटले, की कर्ता अज्ञात असलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले गीत आठवते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला या शब्दाचा अर्थ विस्तारला. वुडी गथ्री आणि पीट सीगर यांच्यासारख्या गायकांनी जुन्या लोकगीतांच्या चालीवर व वळणावर नवी गीते रचली. त्यांच्या मागून आलेल्या बॉब डिलनच्या पिढीने स्वतःचे शब्द, स्वतःची चाल आणि स्वतःची गिटार एवढ्या सामग्रीवर एक स्वतंत्र गायनप्रकार उभा केला. या प्रकारात सर्वांत मोठा मान शब्दांना. चाल साधी असे आणि ती कडव्यामागून कडव्याला तशीच येई. गिटारची साथ शब्दांना आधार देण्यापुरती. श्रोता गीताचा अर्थ ऐकण्यासाठी बसलेला असे, आणि एका गायकाने एका खोलीत आपल्याशी प्रामाणिकपणे बोलावे, ही त्याची अपेक्षा असे.

जॅझचा स्वभाव निराळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या शहरात, कृष्णवर्णीय समाजात, विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत आकाराला आले. त्यात मूळ चाल हे केवळ निमित्त असते. वादक त्या चालीची चौकट मनात धरून त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करतात आणि एकमेकांचे ऐकून आपला मार्ग बदलतात. आपल्या रागसंगीतातील ‘उपज’ या कल्पनेशी परिचित असलेल्या वाचकाला हे तत्त्व चटकन उमजेल. एकच रचना आज जशी वाजली तशी उद्या वाजत नाही, आणि तशी वाजू नये असाच जॅझ वादकाचा आग्रह असतो.

म्हणजे एका परंपरेत गीत ही पूर्ण झालेली वस्तू असते, तर दुसरीत ती घडत राहणारी घटना असते. लोकगीतांच्या परंपरेतून डिलन 1965 मध्ये विजेच्या गिटारकडे वळला तेव्हा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात मोठा गदारोळ झाला. परंतु डिलनने बदलला तो मुख्यतः आवाजाचा पोत. कडवी तशीच राहिली आणि शब्दांचे राज्यही तसेच राहिले. जॅझकडे वळू पाहणाऱ्या गायकापुढे याहून कठीण प्रश्न होता. त्याला शब्दांचे सिंहासनच रिकामे करावे लागणार होते.

बकलीची पहिली पावले

टिम बकलीचा जन्म 14 फेब्रुवारी 1947 रोजी वॉशिंग्टन येथे झाला. बालपणाचा काही काळ न्यूयॉर्क राज्यात गेला आणि पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. शाळेत असतानाच त्याची गाठ लॅरी बेकेट या काव्यलेखन करणाऱ्या मित्राशी पडली. बेकेटने शब्द लिहावेत आणि बकलीने त्यांना चाल द्यावी, अशी जोडी जमली. ‘इलेक्ट्रा’ या ध्वनिमुद्रण संस्थेचा संस्थापक जॅक होल्झमन याने या तरुणाचे गाणे ऐकून त्याला करारबद्ध केले. 1950 मध्ये स्थापन झालेली ही संस्था लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी नावाजलेली होती. बकलीची पहिली ध्वनिमुद्रिका 1966 मध्ये निघाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

दुसरी ध्वनिमुद्रिका, ‘गुडबाय अँड हॅलो’, 1967 सालची. व्हिएतनाम युद्धाचा आणि तरुणांच्या असंतोषाचा तो काळ. तिचे शीर्षकगीत साडेआठ मिनिटांहून अधिक लांबीचे असून त्यात जुन्या व नव्या जगाचा विरोध मांडलेला आहे. वाद्यमेळ भरगच्च, शब्द अलंकारिक आणि एकंदर थाट नाट्यमय. समीक्षकांनी तिचे कौतुक केले. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाच्या विक्रीच्या यादीत तिने 171 वा क्रमांक गाठला. हा क्रमांक मोठा नव्हे. परंतु वीस वर्षांच्या गायकासाठी आशादायक होता. कुरळ्या केसांचा, कोवळ्या चेहऱ्याचा आणि उंच, लवचिक आवाजाचा हा तरुण लवकरच मोठा लोकप्रिय गायक होणार, असे अनेकांना वाटत होते.

या यशाच्या मागे एक दुखरी बाजूही होती. बकलीचा विवाह 1965 मध्येच झाला होता आणि 1966 च्या नोव्हेंबरमध्ये त्याला जेफ हा मुलगा झाला. पण मुलाच्या जन्मापूर्वीच पती-पत्नी विभक्त झाली होती. गाण्यासाठी मोकळे राहणे आणि घराची जबाबदारी पत्करणे यांतून त्याने पहिल्याची निवड केली. या निवडीचे पडसाद त्याच्या गीतांत पुढे वारंवार उमटले. ‘हॅपी सॅड’ समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

नव्या सोबत्यांचा मेळ

बकलीला जॅझची गोडी लावण्यात ली अंडरवूड या गिटारवादकाचा वाटा मोठा होता. तो पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून त्याच्यासोबत होता. पुढे सत्तरच्या दशकात हाच अंडरवूड ‘डाउन बीट’ या जॅझविषयक मासिकाचे संपादकीय काम पाहू लागला, यावरून त्याच्या ओढीची कल्पना येईल. माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन, बिल एव्हान्स, थेलोनिअस मंक यांच्या ध्वनिमुद्रिका बकली या काळात आस्थेने ऐकत होता.

यांपैकी माइल्स डेव्हिसची 1959 मधील ‘काइंड ऑफ ब्लू’ येथे विशेष महत्त्वाची आहे. त्यापूर्वीच्या जॅझमध्ये स्वरसंघात झपाट्याने बदलत असत आणि वादकाला त्या बदलांमागे धावावे लागे. डेव्हिसने ही धावपळ थांबवली. ‘सो व्हॉट’ या रचनेत सोळा मात्राखंड एकच स्वरमाला चालते. मग आठ खंड तीच अर्ध्या स्वराने वर चढते, आणि शेवटचे आठ खंड पुन्हा मूळ जागी येतात. यामुळे वादकाला एका स्वरमालेत रेंगाळण्यास, तिचे अंतरंग न्याहाळण्यास अवकाश मिळाला. एका रागाच्या स्वरांत तासभर रमणाऱ्या आपल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या दृष्टीने मात्र स्वरसंघात न बदलता थांबून राहणे हे धाडस होते.

लोकगीतांच्या गायकाला हा मार्ग दोन कारणांनी सोयीचा होता. बेबॉपसारख्या गुंतागुंतीच्या जॅझसाठी वाद्यावर असामान्य प्रभुत्व लागते; ते गिटारवर साधी साथ करणाऱ्या गायकाकडे नसते. एका स्वरमालेवर आधारलेल्या संथ जॅझमध्ये मात्र गिटारवादक एखादी लहान स्वराकृती सतत वाजवीत राहिला, तरी त्याच्या भोवती इतरांना विस्तार करता येतो. दुसरे असे, की या संगीतात आवाजाला लांब, सावकाश स्वर धरता येतात. बकलीचा कंठ तर अशा स्वरांसाठीच घडलेला होता.

बदलाची चाहूल 1968 मध्ये लंडनला झालेल्या त्याच्या मैफलीतच लागली होती. तिचे ध्वनिमुद्रण 1990 मध्ये, म्हणजे बकलीच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्या मैफलीत अंडरवूडबरोबर डेव्हिड फ्रीडमन हा व्हायब्राफोनवादक होता, आणि उभ्या बासची साथ ‘पेंटँगल’ या ब्रिटिश वाद्यवृंदातील डॅनी थॉम्पसन याने केली होती. पेंटँगलनेही त्याच सुमारास ब्रिटिश लोकगीते आणि जॅझ यांचा मेळ घालण्यास आरंभ केला होता. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी असे प्रयत्न चालू होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वाद्ये आणि त्यांचा अवकाश

‘हॅपी सॅड’चे ध्वनिमुद्रण 1968 च्या अखेरीस लॉस एंजेलिस येथे इलेक्ट्राच्या ध्वनिमुद्रणगृहात झाले. निर्मितीची सूत्रे जेरी येस्टर आणि झाल यानोव्स्की यांच्याकडे होती. वादक मोजके पाच: बारा तारांच्या गिटारवर स्वतः बकली, मुख्य गिटारवर आणि काही ठिकाणी कळफलकाच्या वाद्यांवर अंडरवूड, व्हायब्राफोन व मरिंबा यांवर फ्रीडमन, उभ्या बासवर जॉन मिलर आणि काँगांवर कार्टर कॉलिन्स.

या वाद्यांचा थोडा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल. बारा तारांच्या गिटारमध्ये तारांच्या सहा जोड्या असतात. जोडीतील तारा एकाच स्वरात किंवा एका सप्तकाच्या अंतराने लावलेल्या असल्याने एक आघात केला तरी भरदार, झंकारणारा नाद उमटतो. व्हायब्राफोनमध्ये धातूच्या पट्ट्या असून त्या मऊ डोक्याच्या काठ्यांनी वाजवतात. पट्ट्यांखाली नळ्या असतात आणि त्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणाऱ्या चकत्या असतात, त्यामुळे नादाला मंद कंप येतो. पायपट्टी दाबली की स्वर पाण्यावरच्या तरंगासारखा पसरत राहतो. मरिंबाच्या पट्ट्या लाकडी असल्याने त्याचा नाद अधिक उबदार व अल्पजीवी असतो. आपल्या वाद्यवृंदांतील काष्ठतरंगाशी त्याचे नाते सहज जोडता येईल. काँगा हा क्यूबातून आलेला, आफ्रिकी मूळ असलेला, हातांनी वाजवायचा उभा ढोल होय.

या यादीत काय नाही, तेही महत्त्वाचे आहे. रॉक संगीताचा कणा असलेला काठ्यांनी वाजवायचा मोठा ड्रम-संच येथे नाही. मागील ध्वनिमुद्रिकेतील भरगच्च वाद्यमेळ नाही. सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट ही सर्वसामान्य श्रोत्याला जॅझची खूण वाटणारी वाद्येदेखील नाहीत. बकलीने जॅझचा वेष उसना घेतला नाही. जॅझची वागण्याची रीत घेतली. ठोकळेबाज ठेका नसल्यामुळे लय बास, काँगा आणि गिटार यांच्यात वाटली गेली. कोणीही एकटा ती सांभाळीत नाही; सर्वजण मिळून तिला तोलून धरतात. व्हायब्राफोन आणि बास यांच्या या संयमित संवादामुळे अनेक श्रोत्यांना ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’ या ख्यातनाम वाद्यचमूची आठवण झाली, आणि ती योग्यच होती.

सहा गीते

दीर्घकाल वाजणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत मावते. त्या काळी लोकप्रिय ध्वनिमुद्रिकेत दहा-बारा गीते असण्याचा रिवाज होता. ‘हॅपी सॅड’मध्ये मात्र अवघी सहा गीते आहेत आणि एकूण अवधी सुमारे पंचेचाळीस मिनिटांचा आहे. ही साधी आकडेवारीच बदलाची दिशा दाखवते. आकाशवाणी केंद्रांना तीन मिनिटांचे गीत हवे असे. बकलीने दोन गीतांना दहा मिनिटांहून अधिक वेळ दिला.

पहिले गीत ‘स्ट्रेंज फीलिन’’. त्याच्या आरंभीच उभ्या बासवर जी स्वराकृती ऐकू येते, तिचे ‘काइंड ऑफ ब्लू’मधील ‘ऑल ब्लूज’ या रचनेशी असलेले नाते उघड आहे. एखाद्या बंदिशीने आपल्या घराण्याची ओळख पहिल्याच आवर्तनात द्यावी, तसा हा प्रकार. बकलीने आपला ऋणनिर्देश लपवला नाही. त्या आकृतीवर तो संथपणे गाऊ लागतो तेव्हा शब्द ओळींच्या चौकटीत बसवलेले वाटत नाहीत. लयीच्या थोडे मागे राहून, मध्येच एखादा स्वर लांबवून ते येतात. दुसरे गीत ‘बझिन’ फ्लाय’ हे प्रसन्न आणि मोकळे. लोकगीताची सुरेल चाल आणि वाद्यांची हलकी, हसरी साथ यांचा तोल येथे फार सुंदर साधला आहे.

पहिल्या बाजूवरचे तिसरे गीत जवळजवळ अकरा मिनिटांचे आहे आणि त्याच्या शीर्षकात समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावरील एका वसतिगृहातल्या 109 क्रमांकाच्या खोलीचा उल्लेख आहे. हे गीत एका चालीचे नाही. संथ भाग येतो, मग वेग वाढतो, पुन्हा सगळे शांत होते. या गीताच्या तळाशी समुद्राच्या लाटांचा आवाज ऐकू येतो. ध्वनिफितीवर राहून गेलेली सूक्ष्म खरखर झाकण्यासाठी तो घालण्यात आला, अशी आठवण सांगितली जाते. कारण तांत्रिक असो वा काव्यात्म, परिणाम मात्र नेमका झाला आहे. गीताला भिंती उरत नाहीत. खोलीतला एकांत आणि बाहेरचा समुद्र एकाच अवकाशात येतात.

दुसऱ्या बाजूचा आरंभ ‘ड्रीम लेटर’ या गीताने होतो. दूर राहिलेली पत्नी आणि मूल यांना उद्देशून लिहिलेले हे जणू एक न पाठवलेले पत्र आहे. त्यात समर्थन नाही आणि मोठा पश्चात्तापाचा आविर्भावही नाही. मुलाविषयीची विचारपूस आणि स्वतःच्या दुबळेपणाची जाणीव एवढेच आहे. लोकगीताच्या परंपरेतील गायकाने हा विषय बहुधा कथनाच्या रूपात, कडव्यांच्या क्रमाने मांडला असता. येथे वाद्ये इतकी हळू आणि विरळ वाजतात, की शब्दांमधल्या शांततेलाच अर्थ येतो. नव्या पद्धतीचे सामर्थ्य या गीतात सर्वांत स्पष्टपणे प्रत्ययाला येते. जे थेट बोलता येत नाही त्यासाठी तिने जागा करून दिली आहे.

यानंतरचे ‘जिप्सी वुमन’ हे बारा मिनिटांहून दीर्घ गीत म्हणजे दुसरे टोक. एकच स्वराकृती, काँगांचा वाढत जाणारा आवेग, आणि त्यावर हाका, किंकाळ्या, घोगरे उद्गार यांच्या साहाय्याने स्वतःच वाद्य होऊ पाहणारा बकलीचा कंठ. हे गीत सर्वत्र सारखे रंगत नाही. काही ठिकाणी वादक एकमेकांची वाट पाहत असल्यासारखे वाटतात आणि आवेगाची पुनरुक्ती होते. परंतु पुढे दीड वर्षात बकली कोठे जाणार होता त्याची पहिली खूण येथेच आहे. शेवटचे गीत ‘सिंग अ साँग फॉर यू’ पावणेतीन मिनिटांहूनही लहान आहे. ते साधे, जुन्या वळणाचे लोकगीतच आहे. इतक्या दूरच्या प्रवासानंतर घराचा उंबरा दिसावा, तसे ते येते.

शब्दांची माघार

या ध्वनिमुद्रिकेत आणखी एक बदल आहे. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांतील अनेक गीतांचे शब्द बेकेटचे होते. येथे सर्व शब्द बकलीचे स्वतःचे आहेत. काव्याच्या कसोटीवर पाहिले तर ते बेकेटच्या शब्दांहून साधे, कधी कधी तर अगदीच जुजबी आहेत. ‘गुडबाय अँड हॅलो’मधील उपमा-रूपकांची आरास येथे नाही. म्हणून कोणी याला घसरण म्हणेल. पण शब्द जर स्वतःच पूर्ण असतील, तर आवाजाला त्यांत भर घालण्यासाठी काय उरते? ख्यालाच्या बंदिशीत दोन ओळींचे साधे शब्द असतात आणि गायक त्यांवर अर्धा तास गातो. तेथे शब्दांनी मुद्दाम मागे सरून स्वराला वाट दिलेली असते. बकलीने नकळत असाच व्यवहार केला. शब्दांनी सोडलेली जागा आवाजाने घेतली.

मात्र त्याने शब्द टाकूनही दिले नाहीत. प्रत्येक गीतात कोणीतरी माणूस कोणाशी तरी बोलत आहे, हे भान सुटत नाही. लोकगीताने दिलेला खाजगी, विश्वासाचा सूर आणि जॅझने दिलेला मोकळा काळ, या दोन देणग्या येथे एकमेकींना धक्का न लावता राहतात. शीर्षकातला ‘आनंदी-उदास’ हा जोडशब्दही याच समतोलाला शोभणारा आहे.

अशा प्रकारचा शोध घेणारा बकली एकटा नव्हता. आयरिश गायक व्हॅन मॉरिसन याची ‘अॅस्ट्रल वीक्स’ 1968 च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. तिच्यात उभ्या बासवर रिचर्ड डेव्हिस आणि ड्रमवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचाच कॉनी के होता. मॉरिसनने जॅझचे अनुभवी व्यावसायिक वादक आपल्या गीतांसाठी बोलावले. बकलीने आपल्या लहानशा मेळाव्यातच जॅझची वृत्ती रुजवली. पुढे कॅनडाच्या जोनी मिचेलनेही हीच वाट धरली. 1974 च्या ‘कोर्ट अँड स्पार्क’मध्ये तिने जॅझ वादकांची साथ घेतली आणि 1979 मध्ये जॅझ रचनाकार चार्ल्स मिंगस याच्यासह केलेली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली.

बदलाची किंमत

‘हॅपी सॅड’ विक्रीच्या यादीत 81 व्या क्रमांकापर्यंत चढली. बकलीच्या हयातीत त्याच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेने यापेक्षा वरचा क्रमांक गाठला नाही. म्हणजे श्रोत्यांनी बदल नाकारला, असे म्हणता येत नाही. संक्रमणाच्या या टप्प्यावर ते त्याच्याबरोबर होते. ते मागे राहिले ते त्यानंतर.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. 1969 च्या अखेरीस ‘ब्लू आफ्टरनून’ निघाली. तिचा क्रमांक 192. नंतर 1970 मध्ये ‘लोर्का’ आणि ‘स्टारसेलर’ या दोन ध्वनिमुद्रिका आल्या आणि त्यांना यादीत स्थानच मिळाले नाही. स्पॅनिश कवीच्या नावाने निघालेल्या ‘लोर्का’त चाल जवळजवळ विरघळून गेली आहे. ‘स्टारसेलर’च्या शीर्षक-रचनेत बकलीच्याच आवाजाचे सोळा थर एकावर एक मुद्रित केले आहेत, तेथे गीत नावाची गोष्ट शिल्लक नाही, उरला आहे तो मानवी कंठाचा नाद. आज या कृतींना चाहते आहेत आणि त्यांचे धाडस मान्य झाले आहे. त्या वेळी मात्र प्रेमगीते ऐकण्यासाठी आलेले श्रोते मैफलीतून गोंधळून परतत. कलावंताने स्वतःची पुनरावृत्ती करू नये हे खरे. पण श्रोत्याला वळण समजण्यास जो वेळ लागतो, तो बकलीने दिला नाही. चार वर्षांत त्याने जो पल्ला गाठला, त्याला इतरांना दशक लागले असते.

उत्पन्न आटले. 1972 मध्ये तो ‘ग्रीटिंग्ज फ्रॉम एल. ए.’ या ध्वनिमुद्रिकेसह नृत्यलयीच्या, अधिक विकाऊ संगीताकडे वळला. तरीही जुने श्रोते परत आले नाहीत. 29 जून 1975 रोजी मादक द्रव्याच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

‘ड्रीम लेटर’मधील मूल, जेफ, पुढे स्वतः नामांकित गायक झाला. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका चर्चमध्ये टिम बकलीच्या स्मरणार्थ मैफल झाली, तीत त्याने वडिलांची गीते गायिली. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1997 मध्ये, नदीत बुडून त्याचाही अकाली अंत झाला.

संक्रमणाचे मोल

‘हॅपी सॅड’कडे केवळ ‘स्टारसेलर’ची पूर्वतयारी म्हणून पाहिले, तर तिचे अर्धे मोल नजरेआड होते. पूर्वतयारीत जे कच्चे असते ते पुढे पक्के होते. येथे मात्र जे आहे ते पुढे वाढले नाही, हरवले. ‘स्टारसेलर’मध्ये स्वातंत्र्य आहे, पण ज्याच्याशी बोलायचे तो माणूस दिसेनासा झाला आहे. ‘गुडबाय अँड हॅलो’मध्ये बोलणे आहे, पण श्वास घेण्यास अवकाश नाही. या दोहोंच्या मध्ये, 1968 च्या हिवाळ्यात, पाच वादकांनी काही दिवस एकत्र बसून जे वाजवले, त्यात बोलणे आणि श्वास दोन्ही आहेत.

नव्या श्रोत्याने या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात शेवटच्या लहान गीतापासून करावी आणि मग ‘ड्रीम लेटर’ ऐकावे. पहिल्यात त्याला ओळखीचे लोकगीत भेटेल. दुसऱ्यात तेच गीत काळाचे बंधन सैल झाल्यावर कसे होते, हे कळेल. त्यानंतर ‘स्ट्रेंज फीलिन’’मधील बासची आकृती कान देऊन ऐकावी आणि शक्य असल्यास लगेच ‘ऑल ब्लूज’ लावावे. एका परंपरेने दुसरीचा हात कसा धरला, हे समजण्यास कोणत्याही व्याख्येपेक्षा ही वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतील.